हजेरीपटाबाहेरचे श्रम

ज्या माणसाने आपल्या नोकरीची एकतीस वर्षे एका सरकारी बांधकाम-दप्तरात मजुरांचे हजेरीपट लिहिण्यात घालविली, आणि एवढे करूनही ज्याच्या हाताला घमेल्याचा काठ कधी लागला नाही, त्याने सेवानिवृत्तीनंतर परक्या मुलुखात जाऊन परक्याचे घर बांधण्याचा संकल्प सोडावा, यातली विसंगती माझ्या आधी माझ्या पत्नीच्या ध्यानात आली. ‘आपल्या वॉलकंपाउंडला दोन वर्षांपासून तडा गेला आहे, तो तुम्हाला दिसत नाही, नेपाळातली पडकी घरे मात्र इथून दिसतात,’ एवढेच ती म्हणाली आणि माझ्या लोकरी टोपीच्या शोधाला लागली. हा प्रसंग 2018 सालच्या पावसाळ्यातला. दिवाळी आटोपताच आम्ही आठ जण, म्हणजे दोन निवृत्त गृहस्थ, एक शिक्षिका आणि पाच महाविद्यालयीन तरुण, 2015च्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या, नेपाळातल्या गोरखा जिल्ह्यात जाणार होतो.

पूर्वतयारीला शाळा शोधावी लागली नाही. आमचे हुडकेश्वर हे नागपूरच्या दक्षिण अंगाचे एके काळचे शेतीचे गाव; आता त्या काळ्या रानात लेआउट पडले आहेत आणि कोणत्याही गल्लीत एक तरी घर अर्धवट बांधलेल्या स्थितीत उभे असतेच. अशाच एका घरावर बालाघाटकडचा एक वृद्ध मिस्त्री काम करीत होता. त्याच्या हाताखाली आम्ही दीड महिना सकाळचे दोन-दोन तास उमेदवारी केली. गिट्टी, रेती, सिमेंट यांचे प्रमाण मला तोंडपाठ होते, कारण ते मी हजारदा लिहिले होते. परंतु ओलसर रेतीचे घमेले कोरड्या रेतीच्या घमेल्याहून मानेला किती निराळे लागते, हे कोणत्याही दरपत्रकात लिहिलेले नसते. इथल्या जमिनीचा स्वभावही मला त्याच मिस्त्रीने समजावून सांगितला. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि जो पाया मुरूम लागेपर्यंत खाली गेलेला नाही, त्याला ती दरवर्षी उचलते आणि पुन्हा सोडून देते. ‘काकाजी,’ तो म्हणाला, ‘दगड कुठं बसते ते आपल्याले नाही, दगडालेच विचारा लागते.’ मला त्या वेळी ते निव्वळ चमत्कारिक बोलणे वाटले.

निघण्यापूर्वी आम्ही दोन दिवस वरोऱ्याजवळच्या आनंदवनात राहून आलो, आणि तो तयारीतला सर्वांत मोलाचा भाग ठरला. बाबा आमटे यांनी 1951 साली मूठभर कुष्ठरुग्णांना सोबत घेऊन त्या खडकाळ माळावर वस्ती केली, हे महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. पण पुढे त्याच दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे नाना देशांतले तरुण तिथे येऊन राहिले आणि रुग्णोपचाराच्या इमारतींसाठी त्यांनी स्वतः विटा वाहिल्या, हे पुष्कळांच्या स्मरणातून गेले आहे. कुष्ठरुग्णाची सावलीही लोक टाळीत असत, त्या काळात परदेशी माणसाने त्याच्या शेजारी उभे राहून गारा कालवावा, याचे मोल त्या विटांहून किती तरी अधिक होते. या संस्थेचा जनक पियेर सेरेसोल हा स्विस अभियंता. पहिल्या महायुद्धानंतर, 1920 साली, फ्रान्समधील व्हर्दूनजवळच्या एका बेचिराख गावात त्याने कालपरवापर्यंत शत्रू असलेल्या राष्ट्रांतले तरुण एकत्र आणून घरबांधणी सुरू केली, आणि 15 जानेवारी 1934 रोजी बिहार व नेपाळ यांना हादरविणारा महाभूकंप झाला, तेव्हा तोच माणूस आपल्या काही सोबत्यांसह उत्तर बिहारात येऊन वस्त्या उभारण्याच्या कामाला लागला. म्हणजे आम्ही ज्या वाटेने निघालो होतो, ती पूर्वीच मळलेली होती. फरक इतकाच की, त्या वेळी मदतीचे हात आपल्या देशात आले होते, आणि आता आपल्याकडचे आठ अकुशल हात सीमेपलीकडे चालले होते.

आनंदवनातून परतताना मनात एक शब्द घोळू लागला. गवंड्याच्या हाताखालच्या मजुराला आपण बिगारी म्हणतो, आणि तो शब्द बेगार या फारसी शब्दापासून आला आहे; बेगार म्हणजे मोबदल्याविना करून घेतलेले काम. आजचा बिगारी रोजी घेतो, तेव्हा त्याला ते नाव चुकीनेच चिकटले आहे. व्युत्पत्तीला धरून पाहिले, तर खरे बिगारी आम्हीच होतो.

नागपूरहून गोरखपूरला जाणाऱ्या गाडीत आमच्या डब्यात उत्तर नागपुरातला एक मोठा परिवार होता. दीक्षाभूमीला माथा टेकवून ती मंडळी लुंबिनीच्या यात्रेला निघाली होती. बाबासाहेब आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि त्यानंतर अवघ्या महिन्याभरात ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले. तिथे त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांच्या विचारांची तुलना करणारे भाषण केले. नागपूर आणि नेपाळ यांना जोडणारा हा धागा त्या परिवारातल्या आजीबाईंना तारखेनिशी ठाऊक होता, मला नव्हता, हे कबूल केले पाहिजे. त्यांच्याच आग्रहाने आम्ही सीमा ओलांडल्यावर भैरहव्याहून वाट वाकडी करून लुंबिनी पाहिली. तिथल्या अशोकस्तंभासमोर लोक हात जोडून उभे राहतात. मी मात्र त्यावरील लेखाचा अर्थ वाचून दप्तरी माणसासारखा थबकलो. बुद्धाच्या जन्मभूमीला आलेल्या सम्राटाने त्या गावाला बलिनामक कर माफ केला आणि उत्पन्नाचा आठवा हिस्सा तेवढा ठेवला, असे तो लेख सांगतो. बावीसशेहून अधिक वर्षांपूर्वीची ती महसुली सूट दगडावर कोरलेली असल्याने तिच्यात कोणाला फेरफार करता आला नाही, याचा मला, का कोण जाणे, फार आनंद झाला.

आम्ही ओलांडली ती सोनौलीची हद्द म्हणजे एक कमान. अलीकडचा सायकलरिक्षावाला पलीकडे जातो, पलीकडची बाई अलीकडे भाजी विकत घेऊन परतते, आणि परदेशात आल्याची एकमेव खूण म्हणून मनगटावरचे घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे लागते. सालही पुढे जाते: भिंतीवरच्या पंचांगात विक्रम संवत 2075 चालू होते. तराईच्या त्या सपाट, दमट, भाताच्या कापणीने पिवळ्या पडलेल्या मुलुखातून जाताना मराठी माणसाला आणखी एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. सत्तावन्नच्या उठावाचा पाडाव झाल्यावर नानासाहेब पेशवे याच तराईत शिरले, आणि त्यांचा माग इथल्याच रानात नाहीसा झाला.

बुटवलनंतर पहाड दिसू लागतात, नारायणगढहून रस्ता त्रिशूलीच्या काठाने वर चढतो, आणि आंबू खैरेनीपाशी मुख्य मार्ग सोडला की गोरखा गावची चढण लागते. गोरखपूर आणि गोरखा ही दोन्ही नावे एकाच गोरक्षनाथांची. ज्या नाथपरंपरेतून गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि ज्ञानेश्वर असा आपला वारसा आला, तिच्यातल्या या गोरक्षनाथांची गुहा गोरखा दरबाराच्या पोटात आहे, आणि त्या दरबारात जन्मलेल्या पृथ्वीनारायण शहाने अठराव्या शतकात आजच्या नेपाळचे राज्य जोडले. दरबाराच्या भिंतींना 2015चे तडे होते आणि सभोवार लाकडी परांची बांधलेली होती.

पण माझ्या दृष्टीने गोरख्यातले खरे आश्चर्य वडा कार्यालयाच्या, म्हणजे प्रभाग कचेरीच्या, फळ्यावर होते. लिपी देवनागरी, म्हणून अक्षरे वाचता येत होती. आणि वाचू लागलो तर दर्ता, सिफारिस, मालपोत, किस्ता, जिल्ला, कानुन, हाजिर असे एकामागून एक ओळखीचे चेहरे भेटू लागले. मोगलांचा अंमल या पहाडांत कधी बसला नाही, तरी त्यांच्या दप्तराची भाषा इथवर चढून आली आणि मुक्कामाला राहिली. जमिनीच्या हक्काच्या कागदाला तिथे लालपुर्जा म्हणतात. भूकंपात घर गेलेल्या कुटुंबाला सरकारकडून मिळणारे तीन लाख नेपाळी रुपयांचे अनुदान तीन किस्त्यांत वाटले जात होते: करार झाल्यावर 50 हजार, पाया जोत्यापर्यंत आल्यावर दीड लाख, आणि भिंती छताच्या पट्ट्यापर्यंत चढल्यावर उरलेले एक लाख. प्रत्येक किस्त्यापूर्वी अभियंत्याची तपासणी. हे वाचून मला क्षणभर आपण रजा संपवून कचेरीत रुजू झालो आहोत असे वाटले.

आमचे गाव दरौंदी नदीच्या खोऱ्यात होते. त्याचे नाव मी देत नाही, कारण तिथल्या माणसांच्या खासगी गोष्टी पुढे येणार आहेत. याच खोऱ्याच्या माथ्यावर बारपाक आहे, जिथे 25 एप्रिल 2015 रोजी दुपारी बाराच्या सुमारास 7.8 तीव्रतेच्या भूकंपाचे केंद्र होते. सारे मिळून जवळजवळ नऊ हजार माणसे गेली आणि पाच लाखांच्या आसपास घरे जमीनदोस्त झाली. तो शनिवार होता, आणि नेपाळात साप्ताहिक सुटी शनिवारी असते. शाळा बंद होत्या, मुले आणि मोठी माणसे बाहेर होती. अन्यथा कोसळलेल्या हजारो वर्गखोल्यांखाली काय सापडले असते याची कल्पना करवत नाही.

ज्या घरावर आम्हाला नेमले, ते एका मगर समाजातल्या विधवा वृद्धेचे. सगळे तिला आमा म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. साडेतीन वर्षे ती जस्ताच्या पत्र्यांच्या अर्धगोल झोपडीत राहत होती, शेजारीच रेड्याचा गोठा, आणि पलीकडे जुन्या घराच्या दगडांची रास. तिचा मुलगा कतारमध्ये उंच इमारतींवर सळया बांधण्याच्या कामाला होता. हे काही तिचेच प्राक्तन नव्हे. नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळजवळ चतुर्थांशाइतकी रक्कम परदेशातून पाठविलेल्या कमाईची असते, आणि त्याची किंमत म्हणून पहाडातली गावे तरुण हातांवाचून ओस पडली आहेत. घरे पडली, अनुदान आले, दगड तर अंगणातच होते; नव्हती ती माणसे, कारण ज्यांनी ती घरे उभारायची ते परक्यांची नगरे उभारीत होते. म्हणून मिस्त्री दुर्मीळ आणि रोजी महाग. आमच्या घरावरच्या दोन डकर्मींपैकी, म्हणजे गवंड्यांपैकी, एक तिशीतली स्त्री होती. पूर्वी बायका थापी हाती धरीत नसत, भूकंपानंतरच्या प्रशिक्षणांतून त्या धरू लागल्या.

बांधकामाची रीत पाहताना मला वारंवार किल्लारी आठवली. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात माणसे मेली ती भूकंपाने नव्हे, आपल्याच घरांच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली. दगड-मातीची भिंत बाहेरून एकसंध दिसते, प्रत्यक्षात तिच्यात आतला आणि बाहेरचा असे दोन थर पाठीला पाठ लावून उभे असतात, मध्ये चिपा आणि माती. हादरा बसला की थर फुगून सुटतात. गोरख्यातही नेमके हेच घडले होते. नव्या नियमांनी माती आणि दगड सोडले नाहीत, फक्त त्यांना शिस्त लावली: थोड्या थोड्या अंतरावर दोन्ही अंगांना बांधणारा आरपार दगड, जोते, खिडकीचा तळ, चौकटीचा माथा आणि छत यांच्या पातळीवर सबंध घराभोवती फिरणारा लाकडाचा अथवा काँक्रीटचा पट्टा, आणि वरच्या त्रिकोणात जड दगडांऐवजी पत्रा. गाय दाव्याने बांधावी तसे घर चहूबाजूंनी बांधून टाकायचे.

पहिले तीन दिवस आम्हाला भिंतीजवळ जाऊच दिले नाही. दगड वाहायचे. आपल्याकडे ओझे डोक्यावर चुंबळीवर घेतात. तिथे डोको नावाची निमुळती टोपली पाठीवर असते आणि तिला घातलेला नाम्लो, म्हणजे पट्टा, कपाळावर येतो. सगळा भार कपाळावर, नजर पायांशी, हात मोकळे. वजन घेतल्यावर मान मागे खेचली जाते आणि पहिल्या पावलाला पृथ्वी आपल्याकडे येते आहे असा भास होतो. आमा माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असावी. ती माझ्या दुप्पट दगड घेऊन माझ्यापुढे चढत असे आणि वळणावर थांबून, मी पोचेपर्यंत, शेंगा सोलीत बसे.

चौथ्या दिवशी आम्हाला ईशान्येचा कोपरा दिला आणि तिथे आमचा प्रमाद घडला. हुडकेश्वरात विटांवर शिकलेलो आम्ही दगडांनाही विटाच समजलो. चेहऱ्याची बाजू सुरेख जुळवीत गेलो, दोन दिवसांत चार फूट काम उचलले, ओळंबाही नीट होता. डकर्मी बाईने आतून हात फिरविला आणि विचारले, आरपार दगड कुठे आहेत? एकही नव्हता. आम्ही मोठ्या हौसेने किल्लारीचीच भिंत रचली होती. अभियंता चार दिवसांनी तपासणीला येणार होता आणि तिथे तिसऱ्या किस्त्याचा, आमाच्या एक लाख रुपयांचा प्रश्न होता. डकर्मी बाईने आम्हाला दोष दिला नाही, पण काम तिने स्वतः दुरुस्त केले नाही. आम्हालाच ते उकलायला लावले. एकेक दगड हाती घेऊन ती तो फिरवून पाही, बाजूला ठेवी, दुसरा घेई. बालाघाटच्या मिस्त्रीचे वाक्य मला तिथे, कपाळावर नाम्लोचा वळ असताना, समजले.

तोवर गावकरी आमच्याशी आदराने आणि काहीसे संकोचाने वागत. एका रात्री कोदोचा, म्हणजे नाचणीचा, घट्ट ढिंडो आणि गुंद्रुकाचा, म्हणजे आंबवून वाळविलेल्या पाल्याचा, आंबट रस्सा पुढ्यात असताना, एका शेजाऱ्याने आमच्यातल्या पोरांना सरळ विचारले की, भूकंपाच्याच वर्षी, आमची घरे पडलेली असताना, तुमच्या सीमेवर नाकाबंदी का झाली? 2015च्या सप्टेंबरात नवे संविधान आल्यावर तराईतल्या आंदोलनात सीमेवरची मालवाहतूक महिनोन्‌महिने अडली होती; भारत सरकारने आपला हात नाकारला, पण पहाडातला माणूस ते मानीत नाही. गॅस नाही, औषध नाही, आणि थंडी तोंडावर. आमच्यापाशी उत्तर नव्हते. शिक्षिकाबाई तेवढ्या म्हणाल्या, ‘आम्हाला वाईट वाटते.’ तो माणूस मान हलवून गप्प राहिला.

बदल झाला तो दुसऱ्याच निमित्ताने. नेपाळी मार्गशीर्ष लागून भाताची कापणी भरात आली होती, आणि आमाकडे शेजाऱ्यांचे पर्म देणे होते. पर्म म्हणजे श्रमाची उसनवारी. आज तू माझ्या शेतात एक दिवस, उद्या मी तुझ्या शेतात एक दिवस. पैसा नाही, कागद नाही, परंतु फेड चुकत नाही. आपल्याकडच्या सावडीचे हे सख्खे भावंड. गोरख्याच्या जुन्या राजवटीत झारा नावाची सक्तीची, विनावेतन सरकारी सेवा होती, ती आपल्या वेठीची बहीण म्हणावी. पर्म मात्र प्रजेची आपसातली गोष्ट. आमाचा मुलगा कतारमध्ये, ती स्वतः घराच्या कामात, आणि लावणीच्या वेळी शेजाऱ्यांनी दिलेले दिवस अंगावर राहिलेले. तिने दोन दिवस विचार केला आणि मग कसलाही आडपडदा न ठेवता आमच्यातली दोन पोरे मागितली: घरावर नव्हे, शेजाऱ्याच्या शेतात पाठवायला.

त्यातला एक भंडाऱ्याकडच्या धानकऱ्याचा मुलगा. दगडकामात तो सर्वांत मागे होता. विळा हाती येताच त्याने असा काही सपाटा लावला की दुपारपर्यंत बांधावर माणसे बघायला जमली. संध्याकाळी ती पोरे परत आली तेव्हा त्यांना हाक मारण्याची रीत बदललेली होती. पाहुणे गेले आणि भाई आले. आम्ही फुकट केलेल्या कामाचा गावाला जो भार वाटत होता, तो त्या दिवशी हलका झाला, कारण आमचे श्रम प्रथमच त्यांच्या हिशेबात जमा झाले. दान घेणाऱ्याने दात्याकडे मान वर करून पाहावे कसे? उसने घेणारा पाहू शकतो. श्रमदान हा शब्द आपल्याकडे फार मोठा झाला आहे, विनोबांपासून बाबा आमट्यांपर्यंत थोर माणसांनी त्याला प्रतिष्ठा दिली आहे. तरीही आमाच्या अंगणात मला तो प्रथमच किंचित उद्धट वाटला.

परतीच्या गाडीत मी सवयीने जमाखर्च मांडला. आम्ही वीस दिवस राहिलो, तीन शनिवार गेले, एक मुलगा दोन दिवस तापाने पडून होता. आठ माणसांचे मिळून 134 दिवस भरले. आमच्या आठ जणांच्या प्रवासखर्चात त्या गावातले दोन कुशल डकर्मी महिनाभर राबले असते आणि त्यांनी आमच्यापेक्षा अधिक, आणि निश्चितच आरपार दगड घालून, काम केले असते. हे आकडे मी सोबतच्या पोरांपासून लपविले नाहीत. जो कोणी असा प्रवास योजील, त्याने ते आधी मांडून पाहावेत. आणि तरीही जायचे ठरले, तर विटांऐवजी दगडावर हात बसवून जावे.

फेब्रुवारीत आमाच्या मुलाचा कतारहून फोन आला. छपराचे पत्रे चढले, तपासणी झाली, तिसरा किस्ता खात्यात पडला. मग तो जरा घुटमळून म्हणाला की, आमाने पर्माचा हिशेब कळवायला सांगितला आहे. भातकापणीचे दोन दिवस तिने वेगळे धरले होते, ते पुरते मान्य. बाकीच्या 132 दिवसांबद्दल तिचे म्हणणे असे पडले की, तुमची दोन माणसे मिळून आमच्या एका माणसाचे काम होत होते, तेव्हा घराच्या कामाचे 66 आणि कापणीचे 2, असे 68 दिवस तुमचे आमच्याकडे निघतात. ते कधी फेडायचे ते सांगा. मी एकतीस वर्षे हजेरीपट तपासले, त्यात इतका चोख आणि इतका खरा हिशेब क्वचितच पाहिला.

आमच्या आवारभिंतीचा तडा गेल्या पावसाळ्यात बोटभर रुंदावला. मिस्त्री म्हणतो, ती पाडून मुरूम लागेपर्यंत पाया खणावा लागेल. 68 दिवस लागणार नाहीत, बारा पुरेत.